मैदान मंजूर करताना आधी टेप लावा

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

कोणता खेळ श्रेष्ठ, हा वाद पदके आणि प्रेक्षक मोजून मिटत नाही. मुंबईपुरता तरी पहिला प्रश्न असा हवा: एका खेळाडूमागे जागा किती लागते?

पुरुषांचे कबड्डीचे मैदान 13 बाय 10 मीटर. चहूबाजूंनी 3 मीटर मोकळे सोडले तरी 304 चौरस मीटरांत चौदा जण खेळतात. माणशी 22 सुद्धा नाही. खो-खोच्या 27 बाय 16 मीटरांत एका वेळी बारा जण, माणशी 36. क्रिकेटची सीमारेषा आखूड, खेळपट्टीच्या मध्यापासून 65 यार्डांवर धरली तरी सुमारे 11,000 चौरस मीटरांत तेरा जण. आझाद मैदानावर एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीजवळ उभा दिसतो, तो हौसेने नव्हे. (क्रिकेटवर राग नाही, मुंबईत तो परवडणारही नाही.)

दुसरा निकष, अंग किती हलते. कबड्डीत 30 सेकंदांच्या चढाईत बचावातला कुणीच स्वस्थ उभा राहू शकत नाही. खो-खोत आठ जण बसलेले असतात खरे, पण पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला उलटे फिरता येत नाही, त्यामुळे दमाबरोबर डोकेही चालवावे लागते. शाळेला पटांगण असेल तर आमचे मत खो-खोला. फक्त दोन टोकांचे खांब पक्के पुरलेले हवेत, जमिनीवर 120 ते 125 सेंमी, कडा गोल. वळताना सगळा भार खांबावर येतो. तो हलला की खांदा गेलाच.

निधी मिळाला की आधी मॅट येते. ती पेव्हर ब्लॉकवर थेट अंथरली की खालचा उंचसखलपणा वर येतो, सांधे उघडतात, त्यात बोट अडकते. पावसाळ्यात खाली ओल धरून बुरशी. शिवाय मॅटवर बूट घट्ट धरतो: अंग वळते, पाऊल तिथेच राहते आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटतो. मातीवर पाय थोडा सरकतो. स्पर्धा मॅटवर होतात, त्यामुळे तिच्यावर सराव हवाच, पण समतल कोब्यावर आणि छपराखाली. रोजचा खेळ मातीत.

माती मात्र राखावी लागते. तांबडी माती चाळायची, खडे-काचा वेचायच्या, हलका शिडकावा करायचा, ओल जिरली की रोलर. कोरडी ठेवली तर अंग सोलते, पाणी जास्त झाले तर पाय घसरतो.

यापुढे मैदानाच्या प्रत्येक प्रस्तावात ‘माणशी चौरस मीटर’ असा रकाना ठेवावा, आणि माती राखणाऱ्या माणसाचा वर्षभराचा पगार त्याच मंजुरीत धरावा, ही विनंती.

आपले,
मुंबईतील कबड्डी व खो-खो प्रशिक्षक