वारा नाही लागलेला, शीर दुखतेय

संपादक साहेब, नमस्कार. सूनबाईला बाळंत होऊन तीन महिने झालेत, बाळाला काखेत हात घालून उचललं की अंगठ्याच्या बाजूला मनगटात अशी कळ यायची की हातातली वाटी सुटायची. शेजारणी म्हणाल्या वारा लागलाय, चोळा, शेका. पंधरा दिवस चोळलं (मीच चोळत होते, काय सांगू) आणि दुखणं वाढलंच. शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी अंगठा मुठीत धरायला लावून मनगट करंगळीकडे वाकवलं, पोरगी ओरडलीच! याला डी क्वेरवेन म्हणतात, स्वित्झर्लंडच्या एका सर्जनने १८९५ मध्ये सांगितलेलं दुखणं. अंगठ्याच्या दोन शिरा, म्हणजे रक्ताच्या नव्हेत, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या (टेंडन), मनगटात एका अरुंद बोगद्यातून जातात, त्याचं आवरण जाड झालं की त्या आत अडकत घासतात. आता अंगठ्यासकट धरणारा स्प्लिंट लावलाय, आम्ही आधी मेडिकलमधून नुसता मनगटाचा पट्टा आणला होता तो वायाच गेला. बाळाला तळहातांवर खालून उचलायला शिकवलंय. नाहीच थांबलं तर स्टिरॉइडचं इंजेक्शन, ऑपरेशनची वेळ क्वचितच येते म्हणाले. बाळंतिणीच्या तपासणीत टाके, दूध सगळं विचारतात, मनगटाचं कुणी विचारत नाही, तेवढं तुमच्या आरोग्य पुरवणीत छापा.

– एक आजी, सातारा