थ्री नॉट थ्री भट्टीत घालण्याआधी : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सादर नमस्कार.

मी पोलीस दलातला निवृत्त आर्मोरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा. माझी सगळी नोकरी शस्त्रागाराच्या मागच्या खोलीत, व्हाइससमोर गेली. बाद ठरलेल्या थ्री नॉट थ्री, म्हणजे .३०३ बोअरच्या जुन्या एनफिल्ड रायफली अख्ख्याच्या अख्ख्या वितळवायला पाठवतात, त्याबद्दल लिहितो आहे. रायफली जरूर वितळवा. पण त्याआधी त्यांचे चांगले सुटे भाग काढून घ्यायचा आदेश द्या, एवढीच विनंती आहे.

थ्री नॉट थ्री पुन्हा शिपायाच्या हाती द्या, असं मी म्हणत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर एके-४७ समोर ती घेऊन उभं राहावं लागलं, ते आम्ही कोणीच विसरलेलो नाही. मूळ रचना १९०७ ची. उत्तर प्रदेश पोलिसांनीही २०२० च्या प्रजासत्ताक दिनी तिला निरोप दिला. पण सरावासाठी, मानवंदनेसाठी, प्रशिक्षणासाठी जिथे जिथे ती अजून ठेवली आहे, तिथे ती धड चाललीच पाहिजे.

ती अडते ती नखाएवढ्या वस्तूंपायी. बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा. त्याच्या पुढच्या टोकात, बोल्ट हेडमध्ये, खोकं ओढून काढणाऱ्या आकड्याखाली (एक्स्ट्रॅक्टरखाली) एक छोटी वाकवलेली पट्टीची स्प्रिंग असते. ती तुटली की झाडलेल्या काडतुसाचं रिकामं खोकं चेंबरमध्येच राहतं आणि जवान नळी साफ करायची पुलथ्रूची दोरी किंवा काठी शोधत बसतो. माझ्या एका पोस्टिंगवर याच स्प्रिंगांची मागणी मी तीनदा वर पाठवली. तिन्ही वेळा शेरा आला : स्थानिक बाजारातून खरेदी करावी. साहेब, ही स्प्रिंग कुठल्या बाजारात मिळते? स्क्रूंचंही तेच. एनफिल्डचे आटे वेगळेच, मेट्रिकमध्ये कुठेच न बसणारे. हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू दाबून फिरवला की बॉडीचे आटे मरतात, आणि चार आण्याच्या वस्तूपायी रायफल कंडम होते.

मग शस्त्रागारात जुगाड सुरू होतो. एकीचा बोल्ट दुसरीला. याची मला खरी भीती वाटते. प्रत्येक बोल्ट त्याच्या रायफलीला बसवलेला असतो, म्हणून तर दोन्हींवर एकच नंबर ठोकलेला असतो. बदललेला बोल्ट गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या मापाने, तपासायलाच हवा. ०.०६४ इंचाच्या गेजवर तो बंद झाला पाहिजे, ०.०७४ च्या गेजवर होता कामा नये. बोल्टचं तोंड आणि काडतूस टेकतं ती जागा यांतलं हे अंतर वाढलं तर खोकं बुडाशी फाटतं आणि गरम गॅस गोळी झाडणाऱ्याच्या तोंडावर येतो. किती शस्त्रागारांत आज हे गेज आहेत, याची आपण एकदा माहिती मागवावी.

आणखी एक घोळ. १९६२ च्या युद्धानंतर पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने त्याच धाटणीची, पण ७.६२ मिलिमीटर काडतुसाची टू-ए-वन रायफल काढली. लांबून दोघी बहिणी वाटतात. पण थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, ७.६२ ला ती नसते. म्हणून एकीचा एक्स्ट्रॅक्टर दुसरीला चालत नाही, मॅगझिनही वेगळं, एकीत १० तर दुसरीत १२ गोळ्या. 'रायफल पार्ट्स' असं लिहिलेल्या एकाच डब्यात दोन्हींचे भाग पडलेले मी पाहिले आहेत.

ऑगस्ट २०१९ मध्ये बिहारच्या माजी मुख्यमंत्र्यांच्या अंत्यसंस्कारात मानवंदनेच्या वेळी एकाही बंदुकीतून फैर झडली नाही. सारा देश ते पाहत होता. फायरिंग पिनचं टोक आणि काडतूस, दोन्ही आदल्या दिवशी तपासायला अर्धा तास पुरतो. उद्या आपल्या एखाद्या शहीद शिपायाच्या घरच्यांसमोर असं होऊ नये, यासाठी जीव तुटतो.

म्हणून भंगाराची तारीख ठरली की त्याआधी पंधरा दिवस दोन-तीन जाणते आर्मोरर बसवा. एक्स्ट्रॅक्टर, स्प्रिंगा, इजेक्टर स्क्रू, साइट, मॅगझिन, बटच्या खणातली पितळी तेलाची बाटली काढून घ्या, मॉडेलप्रमाणे वेगळ्या डब्यांत भरा, नोंद ठेवा. बोल्ट आणि बॅरल मात्र मोजून, पंचांसमोर नष्ट करा; ते बाहेर जाता कामा नयेत. जे भाग झिजलेले निघतील त्यांची मागणी प्रत्येक जिल्ह्याने वेगळी न करता सगळ्या राज्याची मिळून एकच ईशापूरला पाठवावी. पाच स्प्रिंगांसाठी कारखाना यंत्र लावणार नाही, पाच हजारांसाठी लावेल.

हे काम जाणणारे बहुतेक जण माझ्यासारखे निवृत्त आहेत. बोलावलंत तर पहिल्या दिवशी माझे स्वतःचे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हजर होईन. त्या स्क्रूंच्या खाचेत बसतील असे ते मी स्वतः घासून केले आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पोलीस आर्मोरर