साच्यावरच्या काकांना, धोट्याबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

गिरणगावातल्या मुलांना गिरणी शिकवायची तर १८ जानेवारी १९८२ ही मुंबईच्या गिरणी संपाची तारीख पुरत नाही. तुम्ही वर्गात आलात आणि ते नुसत्या हातांनी दाखवून दिलेत. आभार त्याचेच.

‘संपाबद्दल सांगा’ म्हटले की मोठी माणसे दोन वाक्ये बोलून थांबतात, कारण एवढ्या मोठ्या प्रश्नाला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. तुम्ही पिशवीतून धोटा काढलात, मागावर आडवे सूत इकडून तिकडे नेणारा. लाकडी, दोन्ही टोके लोखंडी, पोटात सुताची कांडी. मग मुलांनीच विचारले, सूत बाहेर कुठून येते? कांडी बदलली की सुताचे टोक धोट्याच्या डोळ्यातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, हे तुम्ही सांगितलेत. एका धोट्याला अनेकांचे तोंड लागते, म्हणून सवर्ण कामगार विटाळ मानत आणि दलितांना विणाई खात्यात काम मिळत नसे. १९२८च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. फळ्यावर ‘जातिभेद’ लिहून हा धडा इतका आत उतरला नसता.

आता आम्ही प्रत्येक पाहुण्यांना एकच वस्तू आणायला सांगतो. ३५ मिनिटांच्या तासिकेत पहिली ५ मिनिटे वस्तू हातोहात फिरते, तेव्हा प्रश्न विचारायचे नाहीत. मग २० मिनिटे गप्पा आणि उरलेल्या १० मिनिटांत ऐकलेले शब्द वहीत उतरवायचे. चौघांच्या गटात एक विचारतो, एक लिहितो, एक चित्र काढतो, एक फोनवर ध्वनिमुद्रण सांभाळतो. फोन घडी घातलेल्या रुमालावर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. पंखा बंद, नाहीतर घरघरीशिवाय काही ऐकू येत नाही. धोटा तोंडाला लावू द्यायचा नाही. सूत ओवायला वाकवलेली तार द्यायची.

मोठी चूक लिहिताना होते. तुम्ही म्हणालात ‘साच्यावर होतो’, मुलांनी लिहिले ‘यंत्रमाग चालवत होते’. शुद्ध लिहिण्याच्या सवयीने खाडा (गैरहजेरी), बदली (गैरहजर कामगाराच्या जागी येणारा), पाळी (शिफ्ट), जॉबर (मुकादम) हे शब्द वहीत येण्याआधीच गळतात. म्हणून आधी जसे ऐकले तसे आणि अर्थ शेजारच्या रकान्यात.

जाखडी नाचाबद्दलही तुमचेच बरोबर होते. गाणारे आणि मृदंगवाला मध्ये, नाचणारे भोवती. स्नेहसंमेलनासाठी मुलांना प्रेक्षकांकडे तोंड करून ओळीत उभे केले की वादक विंगेत जातो, नाचणाऱ्यांना त्याचा हात दिसत नाही आणि पायातले चाळ ठेक्याबाहेर वाजू लागतात. कोकणातून चाळींत आलेला हा नाच पटांगणात, गोलातच करायचा, हे आता ठरले आहे.

ध्वनिमुद्रण तुम्ही ऐकून ‘हे राहू दे, हे काढा’ म्हटल्याशिवाय दुसऱ्या वर्गाला ऐकवणार नाही. घरातल्या गोष्टी बोलण्याच्या ओघात येऊन जातात, त्या तुमच्याच राहाव्यात.

धोटा सुती फडक्यात गुंडाळून परत पाठवत आहोत. सोबत मुलांची शब्दांची वही आहे. उजवी पाने मुद्दाम कोरी ठेवली आहेत. चुकलेला शब्द बिनधास्त खोडून तुमचा लिहा.

आपले,
इतिहास आणि मराठीचे शिक्षक