खारपाणपट्ट्यात पाणी आणताना क्षारांचाही हिशेब मांडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१० मे २०२५ रोजी भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने तापी मेगा रिचार्जच्या, म्हणजे तापीचं पाणी वळवून जमिनीत जिरवायच्या आणि शेतीला द्यायच्या योजनेच्या, करारावर सह्या केल्या. तेव्हापासून अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात पारावर दुसरा विषय नाही. महाराष्ट्राला १९.३६ टीएमसी (अब्ज घनफूट), मध्य प्रदेशाला ११.७६ टीएमसी आणि आपल्याकडे २ लाख ३४ हजार हेक्टरवर सिंचन, हे आकडे आता पोरांनाही पाठ झालेत. ही योजना व्हावी, लवकर व्हावी, असंच मला वाटतं. पण आजवर तिच्याबद्दल जे वाचलं आणि सभांमधून ऐकलं, ते सगळं टीएमसीत आणि हेक्टरात. ज्या मिठापायी आमच्या पट्ट्याला हे नाव पडलं, त्या मिठाचं पुढे काय होणार, यावर कोणी बोलत नाही. म्हणून हे पत्र.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खोल गाळाची काळी जमीन आहे आणि तिच्याखालचं पाणी खारं आहे. बोअर कितीही खोल नेला तरी पाणी मचूळच लागतं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहात दूध फाटतं, आणि मुतखड्याचा, किडनीचा त्रास नाही असं घर शोधावं लागतं. नदी वावराच्या बांधाशी असून शेती कोरडवाहू: पऱ्हाटी, तूर, मूग आणि जमिनीतल्या ओलीवर हरभरा. कोणी धीर करून बोअरचं पाणी हरभऱ्याला दिलंच, तर पानांच्या कडा करपतात आणि तास वाळले की त्यावर पांढरा पापुद्रा धरतो.

पाणी गोडं आलं म्हणजे सगळं मिटलं, असा समज आहे. माझी काळजी तिथूनच सुरू होते. आमच्या मातीत सोडियम जास्त आहे. अशा चोपण मातीवर क्षार नसलेलं पाणी पडलं की तिचे कण सुटे होतात, बारीक छिद्रं बुजतात आणि पाणी खाली उतरायचं थांबतं. पावसाळ्यात हे दरवर्षी दिसतं: धुऱ्याकडेच्या डबक्यातलं पाणी आठवडा झाला तरी गढूळ ते गढूळच. कोणाला खात्री करायची असेल तर याच पट्ट्यातलं एक ढेकूळ दोन काचेच्या बाटल्यांत अर्धं-अर्धं टाकावं, पावसाचं पाणी भरावं, एका बाटलीत चिमूटभर जिप्सम (चोपण जमीन सुधारायला वापरतात ते कॅल्शियमचं खनिज) टाकून दोन्ही हलवून ठेवाव्यात. सकाळी जिप्समच्या बाटलीत गाळ तळाशी बसलेला असतो, वरचं पाणी निवळलेलं असतं. दुसरी तशीच काळी राहते. कालव्याचं पाणी या दुसऱ्या बाटलीसारख्या जमिनीवर सोडायचं असेल, तर त्याआधी जिप्समची सोय आणि निचऱ्याचे चर हवेत.

आणि जिथे कालवा पाझरेल, तिथे खालचं खारं पाणी वर चढेल. ते मुळांपर्यंत आलं की ऊन त्यातलं पाणी ओढून नेतं आणि मीठ वर सोडून जातं. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठची सोन्यासारखी जमीन याच वाटेने क्षारपड झाली. तिथे तर मुळात खालचं पाणी आमच्याइतकं खारं नव्हतं. आज शिरोळकडचे शेतकरी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून ती पुन्हा वहितीखाली आणताहेत आणि त्याचा खर्च सोसताहेत. आम्ही ते आधीच केलं तर काय बिघडलं?

पण निचरा केला की पुढचा प्रश्न उभा राहतो: ते खारं पाणी जाणार कुठे? उतार नाल्याकडे, नाला पूर्णेकडे, पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते, खाली लगेच हतनूर आणि पुढे गुजरातेत उकाई. म्हणजे आमच्या वावरातलं मीठ जळगावकरांच्या आणि सुरतकरांच्या पाण्यात. आज ना उद्या ते तक्रार करणार आणि ती खरी असणार.

अमेरिका आणि मेक्सिकोत नेमकं हेच घडलं. कोलोरॅडो नदीच्या १९४४ च्या तहात मेक्सिकोला किती पाणी द्यायचं ते ठरलं, ते कसं असावं याचा उल्लेख राहून गेला. १९६१ मध्ये ॲरिझोनातल्या शेतांच्या निचऱ्याचं अतिखारं पाणी नदीत सोडलं गेलं आणि सीमेपलीकडे मेक्सिकालीच्या खोऱ्यातली पिकं बसली. तोडगा निघायला १९७३ साल उजाडलं. खारं पाणी वेगळ्या कालव्याने बाजूला काढावं लागलं आणि सीमेवर येणारं पाणी वरच्या धरणापेक्षा किती जास्त खारं असलेलं चालेल, याची मर्यादा लिहून द्यावी लागली. तहात एक कलम आधीच घातलं असतं, तर शेतकऱ्यांची बारा वर्षं वाचली असती.

आपल्याला जास्त उपयोगाचं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं आहे, कारण तिथेही एकाच देशातली राज्यं एका नदीवर भांडत होती. मरे-डार्लिंग खोऱ्यातल्या राज्यांनी १९८८ पासून क्षारांचा हिशेब ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक राज्याचं खातं आहे, बँकेच्या पासबुकासारखं. नवीन सिंचनामुळे नदीत मीठ वाढणार असेल तर ते नावे पडतं. खारं भूजल नदीत शिरण्याआधीच बोअरने उपसून बाष्पीभवनाच्या तळ्यात टाकलं तर ते जमा होतं. खातं तुटीत जाऊ द्यायचं नाही. मोजमाप खालच्या राज्यातल्या मॉर्गन या गावाशी लावलेलं आहे: तिथे पाण्याची क्षारता ९५ टक्के काळ ८०० ईसीच्या आत राहिली पाहिजे (ईसी म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून काढलेलं क्षारांचं माप). मला यातलं सगळ्यात जास्त पटतं ते हे की, मोजायची जागा खालच्या राज्यात आहे. वरच्याने काय केलं ते खालच्याच्या नळाशी कळतं.

ही ईसी आपल्याला परकी नाही. माती परीक्षणाच्या कागदावर सामूच्या (पीएचच्या) जवळच तिचा आकडा असतो. तो मोजायचं यंत्र खिशात मावतं. तेव्हा मागणी अवघड नाही. दोन्ही राज्यांच्या पुढच्या बैठकीत पाण्याच्या वाट्यासोबत क्षारांची नोंदवही करारात घालावी आणि खालचं राज्य म्हणून गुजरातलाही त्यात बसवावं. खारपाणपट्ट्यात कालव्याच्या प्रत्येक टप्प्याच्या अंदाजपत्रकातच निचऱ्याचा खर्च धरावा, मागाहून वेगळी योजना म्हणून नको. सातपुड्याच्या पायथ्याच्या बझाडा पट्ट्यात, म्हणजे डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांच्या भरड जमिनीत, पाणी जिरवणं हा या योजनेचा गाभा आहे. त्या कामाला पहिला मान द्यावा, खारपाणपट्ट्यातले कालवे त्यानंतर.

आणि मोजणी आताच सुरू करावी. पूर्णेवर दर्यापूर आणि अकोट तालुक्यांत, चांगदेवच्या संगमाच्या वर आणि हतनूरच्या खाली दर महिन्याला ईसी घ्यावी, गावोगावच्या विहिरींची पाणीपातळी आणि क्षारता पावसाळ्याआधी आणि नंतर नोंदवावी, आणि हे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. खारपाणपट्ट्यातल्या कालव्यावर पहिलं जेसीबी येण्याआधीची निदान दोन वर्षांची नोंद हाताशी हवी.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती