सामन्यास येणाऱ्या नव्या सभासदांसाठी सूचना: बेसबॉलमधील फलंदाजीचे नियम

यंदा मंडळाबरोबर बेसबॉलचा सामना पाहण्यास येणाऱ्या, विशेषतः अमेरिकेत नुकत्याच आलेल्या सभासदांनी फलंदाजीचे पुढील नियम आधी वाचून यावेत, ही विनंती. ते ठाऊक असले की संथ वाटणारा हा खेळ चांगलाच रंगतो.

फलंदाजासमोर 17 इंच रुंदीची होम प्लेट (जमिनीत बसवलेली पाटी) असते. तिच्यावरून, गुडघ्यापासून साधारण छातीच्या मध्यापर्यंतच्या पट्ट्यातून गेलेला चेंडू त्याने सोडला तरी स्ट्राइक धरला जातो. पट्ट्याबाहेरचा चेंडू सोडल्यास तो ‘बॉल’ ठरतो, मात्र बॅट फिरवून हुकल्यास चेंडू कुठेही असला तरी स्ट्राइकच मिळतो. तिसऱ्या स्ट्राइकवर फलंदाज सहसा बाद होतो आणि चार बॉल झाल्यास त्याला पहिला बेस (धावत गाठायचा पहिला थांबा) आपसूक मिळतो.

क्रिकेट पाहत वाढलेल्यांचा गोंधळ होतो तो फाउलमुळे. पहिल्या व तिसऱ्या बेसकडे जाणाऱ्या रेषांच्या बाहेर टोलवलेला चेंडू स्ट्राइक म्हणून मोजला जातो, परंतु दोन स्ट्राइक झाल्यानंतर, बंटचा (बॅट न फिरवता चेंडू हलकेच अडवण्याचा) अपवाद वगळता, फाउलमुळे तिसरा भरत नाही. म्हणूनच चिवट फलंदाज एकामागून एक फाउल मारून पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, दमवतो, आणि आमच्या मते फलंदाजीचे खरे कसब तेथेच दिसते. उंच उडालेला फाउल झेलला गेल्यास मात्र तो बाद होतो.

रेषांच्या आत चेंडू टोलवल्यावर थांबण्याची मुभा नसते. बॅट टाकून 90 फुटांवरील पहिल्या बेसकडे धावावेच लागते. तीन जण बाद झाले की संघाची पाळी संपते.