सील बदललं, पण ते गेलं कशानं हे कुणी बघितलंच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस तोंडावर आलाय म्हणून हे पत्र आत्ताच लिहितोय. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा ह्या भागात फोर बाय फोर गाडी हौसेपेक्षा गरजेपोटी ठेवणारे लई जण आहेत. आमचीपण तसलीच एक जुनी जीप, दूध, वैरण, रात्री-अपरात्रीचा पेशंट सगळं तीच ओढते. गेल्या वर्षी गाडी लावली की खाली तेलाचा डाग पडायला लागला, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटणारी पेटी) जिथं एकमेकाला जोडलेत बरोबर तिथनं थेंब थेंब.

कोल्हापुरात एका गॅरेजला दाखवली, मधलं ऑइल सील (शाफ्टभोवती बसून तेल अडवणारी रबरी ओठाची रिंग) गेलंय म्हणाले, आणि ते खरंच होतं. बदललं. सील शेकड्यातलं पण मजुरी हजारांत, कारण त्या एवढ्याशा रिंगपर्यंत हात पोचायला पुढच्या-मागच्या चाकांकडं ताकद नेणारे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट काढायचे, दोन्हीकडचं ऑइल काढायचं, गिअरबॉक्सला खालनं जॅक लावून खालचा आडवा आधार, म्हणजे क्रॉसमेंबर सोडायचा आणि मग ती जड ट्रान्सफर केस सरळ मागं ओढून उतरवायची. मजुरीबद्दल माझी तक्रार नाही, काम मेहनतीचंच आहे. पण दोन महिन्यांत परत डाग!

परत तिथंच गेलो तर म्हणाले, "जुन्या गाड्या गळतातच, ऑइल टाकत चालवा." ह्या वाक्यासाठीच मी लिहायला बसलोय. हे सील म्हणजे दोन खोल्यांमधली भिंत आहे. ती गेली की तेल नुसतं बाहेर येत नाही, एका खोलीतलं दुसरीत जातंय. आमच्या गिअरबॉक्सला ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल आणि ट्रान्सफर केसला लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सात वापरतात ते पातळ तेल), दोन वेगळी तेलं. जमिनीवर दोनच थेंब दिसतात आणि वर गिअरबॉक्सची पातळी उतरत असते, बेअरिंग तेलाविना तापत असते, मालकाला वाटतं थोडंच गळतंय की!

शेवटी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी आधी ट्रान्सफर केसचा भरायचा बोल्ट सैल केला तर भसकन तेल बाहेर आलं, आणि ते लाल नव्हतं, तपकिरी आणि गिअर ऑइलच्या त्या उग्र वासाचं. गिअरबॉक्सचा बोल्ट उघडला तर बोट आत घालूनपण तेल लागेना. मग त्यांनी जे विचारलं ते आधी कुणीच विचारलं नव्हतं: "ब्रीदर कधी साफ केलाय?"

गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वर एक बारीक नळी असते, तो ब्रीदर. आमचा ओढ्यातल्या चिखलानं गच्च बसलेला, फुंकर मारली तर हवा जाईना. मग ती दाबलेली हवा तेलाला सीलच्या ओठातनं ढकलणारच, नवं सील घाला नाहीतर सोन्याचं घाला. त्यांनी नळी साफ केली, शाफ्ट हातानं हलवून बेअरिंगला खेळ आहे का बघितलं, सीलचा ओठ जिथं फिरतो तिथं शाफ्टवर नख फिरवून खाच पडलीय का बघितलं. जुनं सील माझ्या हातात दिलं, एका बाजूनं हातोडी मारून तिरकं बसवलेलं स्पष्ट दिसत होतं. नवं सील ओठाला ग्रीस लावून, बाहेरच्या कडेएवढ्या पाइपच्या तुकड्यानं चारी बाजूनं सारखं ठोकून बसवलं. दोन्हीकडं ताजं तेल भरलं. तेव्हापासून फरशी कोरडी आहे.

हे फक्त माझ्या गाडीचं नाही. २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण सगळ्यांनी बघितलाय, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडायच्या आधीच गावाकडचे ओढे रस्त्यावर आलेले असतात आणि आपण गाडी घालतो पाण्यात. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात गेला की आतली हवा आकसते, ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणीच आत ओढलं जातं आणि तेल दुधासारखं पांढरट होतं. पाण्यातनं गाडी काढली असेल तर तेल तपासूनच घ्या, आणि ब्रीदरची नळी लांब करून इंजिनच्या खणात वर बांधून घेता येते, तेवढी घ्याच.

गॅरेजवाल्या बांधवांना हात जोडून सांगणं आहे, सील बदलताना ब्रीदर आणि शाफ्ट बघा, बघितलं असं बिलावर लिहा, जुनं सील गिऱ्हाइकाला दाखवा. आणि "गळतातच" असं म्हणू नका, त्या तेलावर घाटाच्या उतारावर कुणाच्यातरी पोराची टू-व्हीलर घसरते.

पाऊस लागायच्या आत हे पत्र छापलंत तर बरं होईल.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर