शिडी होणारी ओकची खुर्ची : आधी ओळख, मग किंमत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत एका वाचकाने घरातील जुन्या, उलटवली की शिडी होणाऱ्या ओकच्या खुर्चीविषयी विचारणा केली होती. ती ‘ब्रिटिशकालीन’ असल्याने लाखांत जाईल, असे त्यांना कोणीतरी सांगितल्याचाही उल्लेख त्यात होता. जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीत माझे आयुष्य गेले असल्याने, अशी खुर्ची कशी तपासावी याबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहे.

ही खुर्ची मूळची ग्रंथालयातली. वरच्या फळीवरचे पुस्तक काढता यावे म्हणून ती केलेली असते. आसनाच्या पुढच्या कडेला बिजागऱ्या असतात आणि कडी काढून पाठ पुढे उलटवली की पाठीचा माथा जमिनीला टेकून आसनाखाली दडलेल्या पायऱ्या उघड्या होतात. लंडनच्या मॉर्गन अँड सँडर्स या कारखानदारांची अशी खुर्ची १८११ मध्ये तिथल्या एका मासिकात चित्रासह छापून आली होती. त्या काळातल्या चांगल्या खुर्च्या बहुधा महोगनीच्या असत. ओकमधल्या बऱ्याचशा पुढच्या, राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या (१८३७ ते १९०१) असून बाजारात त्यांना महोगनीच्या मानाने पुष्कळ कमी भाव मिळतो. म्हणजे खुर्ची खरोखर ओकची आहे हे सिद्ध झाले तरी भाव वाढतोच असे नाही, उलट कित्येकदा उतरतो.

परंतु ती ओकची आहे का, हा पहिला प्रश्न. खानापूर आणि दांडेलीच्या जंगलांमुळे आपल्याकडचे जुने सामान सहसा सागवानी किंवा शिसवी असते. ओक आपल्या भागात होत नाही, त्यामुळे तशी वस्तू बाहेरूनच आलेली असणार. बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीत, इंग्रज कुटुंबांची वस्ती होती, तेव्हा एखादी विलायती खुर्ची इथल्या घरात निघाली तर नवल नाही. ओकच्या, गाभ्यापासून सालीच्या दिशेने चिरलेल्या फळीवर रेषांना आडवे जाणारे चमकदार पट्टे दिसतात, जे सागवानात तसे दिसत नाहीत. मात्र एवढ्यावर थांबू नये. कोडगू आणि चिक्कमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावला जाणारा सिल्व्हर ओक हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा वृक्ष असून खऱ्या ओकशी त्याचे काही नाते नाही, तरीही त्याच्या लाकडावर तसेच पट्टे उमटतात. म्हणून खुर्ची आडवी करून पायाचा तळ पुसून घ्यावा आणि भिंगातून आडवा छेद पाहावा. खऱ्या ओकमध्ये प्रत्येक वर्षवलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची स्पष्ट रांग असते, तशी ती सिल्व्हर ओकमध्ये नसते. शिवाय ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असल्याने जुन्या लोखंडी स्क्रूभोवती निळसर काळा डाग पडलेला आढळतो.

काळ ठरवताना बिजागऱ्यांचे स्क्रू बरेच काही सांगतात. अणकुचीदार टोकाचे, यंत्रावर केलेले स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रूढ झाले, त्याआधीच्या स्क्रूंचे टोक बोथट असे. डोक्यावर अधिकचिन्हासारखी खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकाच्या आधीचा असूच शकत नाही. असा स्क्रू दिसला की एक तर खुर्ची अलीकडची आहे किंवा बिजागरी बदललेली आहे, आणि यांतले खरे काय ते शेजारच्या बुजवलेल्या जुन्या भोकांवरून कळते. वस्तूच्या नमुन्याची (डिझाइनची) ब्रिटनमध्ये नोंदणी झाल्याचा शिक्का १८४२ ते १८८३ या काळात पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचा असे. १८८४ पासून ‘आर. डी.’ या अक्षरांपुढे ओळीने क्रमांक येऊ लागले. क्रमांकावरून नोंदणीचे वर्ष कळते. खुर्ची त्यानंतर कितीही वर्षांनी बनलेली असू शकते, पण विकणारे तेच वर्ष तिचे जन्मवर्ष म्हणून सांगतात.

माझा सर्वांत जास्त भरवसा झिजेवर असतो. पाठीचा माथा प्रत्येक वेळी जमिनीवर टेकत असल्याने त्याची कड खरचटलेली असायला हवी आणि पायऱ्यांची पुढची कड मध्यभागी गुळगुळीत झालेली असायला हवी. सगळीकडे एकसारखा ‘जुनेपणा’ दिसला, तर तो पॉलिशवाल्याच्या हातचा समजावा. साधी खुर्ची कापून तिची शिडी केल्याचेही पाहण्यात येते. तिथे आसन दुभागलेल्या जागी लाकडाचा आतला ताजा रंग दिसतो.

आता किमतीविषयी. इंटरनेटवर दिसणारा आकडा हा विकणाऱ्याने मागितलेला असतो. मिळालेला भाव पाहायचा तर पार पडलेल्या लिलावांचे निकाल पाहावे लागतात. पण लंडनच्या लिलावातला आकडा रुपयांत करून इथे सांगणेही चुकीचेच, कारण १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. खुर्ची खरोखर तेवढी जुनी असेल, तर तिला गिऱ्हाईक देशातच शोधावे लागेल, आणि ते बेळगावपेक्षा मुंबई, बंगळूर किंवा गोव्यात मिळण्याची शक्यता अधिक.

एक विनंती अशी, की किंमत ठरण्यापूर्वी खुर्ची सुताराकडे टाकू नये. पॉलिश पेपरने घासून वर मेलामाईन हे कृत्रिम पॉलिश चढवले, की जुना लाखेचा थर आणि झिजेच्या खुणा दोन्ही जातात आणि त्यांच्याबरोबर किमतीचा मोठा हिस्साही जातो. पावसाळ्यात लाकूड फुगून खुर्ची उघडत नसेल, तर जोर करू नये, हिवाळ्यापर्यंत थांबावे. आपल्या गावोगावच्या जुन्या वाचनालयांच्या अडगळीतही अशी खुर्ची निघू शकते, तेव्हा विश्वस्तांनी मोडक्या सामानाचा लिलाव करण्याआधी प्रत्येक खुर्ची एकदा उलटी करून पाहावी.

संबंधित वाचकांनी खुर्ची बंद व उघडी अशा दोन्ही स्थितींत, तसेच आसनाखालचा भाग, बिजागऱ्या आणि पायाचा तळ यांची दिवसाच्या उजेडात काढलेली छायाचित्रे आपल्या कार्यालयाकडे पाठवल्यास, मी ती पाहून विनामूल्य मत कळवीन.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव